नॉमिनीचा रकाना : दुचाकीच्या पॉलिसीतल्या एका चौकटीचा इतिहास

तुमच्या दुचाकीची विमा पॉलिसी काढा. मोबाइलमधली पीडीएफ चालेल, डिकीत घडी घालून ठेवलेला कागदही चालेल. चासी नंबर, इंजिन नंबर, प्रीमियमचा तक्ता हे सगळं ओलांडून खाली या. तिथे एक छोटी चौकट असते. नॉमिनीचं नाव, वय, नातं. नॉमिनी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्याचं, म्हणजे अपॉइंटीचं नाव. बस, एवढंच. पण या चौकटीत कुणाचं नाव आहे हे न बघता तुम्हाला सांगता येईल का?

मला सांगता आलं नव्हतं. मागच्या वर्षी स्कूटरची पॉलिसी रिन्यू करताना सहज स्क्रोल केलं तर तिथे बाबांचं नाव होतं. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. म्हणजे तीन वेळा मी जुने तपशील तसेच ठेवून पैसे भरले होते. आणि मी इतिहासाचा विद्यार्थी! दिवसभर शंभर वर्षांपूर्वीचे अर्ज, रजिस्टरं, नोंदी वाचणारा माणूस स्वतःच्या कागदावरची एक ओळ वाचत नाही.

त्या दिवसापासून या रकान्याच्या मागे लागलो. हा लेख त्यातून आलाय. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, विषय शोधताय आणि 'विषय मोठा पाहिजे' या ताणाखाली आहात. म्हणून मुद्दाम छोटी चौकट घेतली. तिच्यातून कायद्याचा, कुटुंबाचा आणि कागदपत्रांचा केवढा इतिहास बाहेर येतो ते बघू. जाता जाता तुमच्या घरासाठीचं एक कामही सांगतो.

आधी प्रश्न नीट मांडू

दुचाकीच्या विम्यात नॉमिनी मुळात लागतो कशाला? गाडी चोरीला गेली तर पैसे मालकाला मिळतात. गाडीने कुणाला धडक दिली तर त्या जखमी माणसाला किंवा त्याच्या वारसांना मिळतात. या दोन्ही ठिकाणी नॉमिनीचं काम नाही. त्याचं काम एकाच वेळी पडतं, मालक स्वतः अपघातात गेला तर.

म्हणजे प्रश्न असा होतो : मालकाचा स्वतःचा मृत्यू गाडीच्या विम्यात कधी आला? कारण सुरुवातीला तो तिथे नव्हता.

रस्त्यावरचा 'तिसरा'

आपल्याकडचा सक्तीचा मोटार विमा मोटार वाहन कायदा, १९३९ मधून आला. त्यामागे ब्रिटनच्या १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याचा नमुना होता. इथे पहिला धडा घ्या. कायदा १९३९ चा असला तरी विम्याच्या सक्तीचं प्रकरण लागू झालं १ जुलै १९४६ ला. कायद्याच्या नावातलं वर्ष आणि तो प्रत्यक्षात लोकांच्या आयुष्यात आला ते वर्ष यांत सात वर्षांचं अंतर आहे. प्रबंधात '१९३९ पासून विमा सक्तीचा झाला' असं लिहिलंत तर मार्गदर्शक लाल पेनने गोल करतील, आणि ते बरोबरच असेल.

या विम्याला थर्ड पार्टी म्हणतात. पहिला मालक, दुसरी कंपनी आणि तिसरा रस्त्यावरचा माणूस. सगळी काळजी त्या तिसऱ्याची. सध्याचा १९८८ चा कायदाही (लागू १ जुलै १९८९) हाच पाया ठेवतो. मालकाने दुसऱ्याला दिलेल्या इजेची भरपाई कंपनी देते. मालक स्वतःच्या चुकीने पडला तर तो 'तिसरा' नाही, त्यामुळे त्याला काही नाही.

हे फक्त मालकापुरतंही राहिलं नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कर्नाटकातलं एक प्रकरण होतं. माणूस ओळखीच्याची मोटारसायकल घेऊन गावी निघाला होता. पुढची बैलगाडी अचानक थांबली आणि तो तिच्यावर आदळला. न्यायालय म्हणालं की गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, म्हणून चूक कुणाची हे न बघता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्याच्या कुटुंबाला दावा करता येणार नाही. मित्राची गाडी 'जरा आणतो' म्हणून नेणारे आपण सगळेच त्या क्षणी मालक होतो, कायद्याच्या नजरेत तरी.

मालक आत आला

ही पोकळी भरायला 'मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा' आला. २००२ च्या इंडिया मोटार टॅरिफने तो पॉलिसीचा सक्तीचा भाग केला. दुचाकीसाठी रक्कम होती एक लाख, चारचाकीसाठी दोन लाख. आता यावर थोडं थांबा. मरणारा माणूस तोच आणि त्याचं कुटुंबही तेच, पण तो बाइकवर असेल तर रक्कम निम्मी. दरपत्रकं रुक्ष असतात म्हणून इतिहासकार ती वाचत नाहीत. पण समाज कुणाच्या जिवाची किती किंमत धरतो हे भाषणांपेक्षा दरपत्रकात जास्त स्वच्छ दिसतं.

ही रक्कम दीड दशक तशीच राहिली. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती फार तोकडी असल्याचं सांगून किमान पंधरा लाखांपर्यंत न्यायला सांगितलं. सप्टेंबर २०१८ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, परिपत्रक काढून सगळ्या वाहनांसाठी ती पंधरा लाख केली. बाइक आणि कार यांतला फरक तिथे संपला. १ जानेवारी २०१९ पासून हे कवच स्वतंत्र पॉलिसी म्हणूनही घेता येऊ लागलं. अनेक गाड्या असतील तर प्रत्येकीवर वेगळं घ्यायची गरज उरली नाही.

त्याच सुमारास आणखी एक बदल झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. विमा न भरता फिरणाऱ्या गाड्या कमी व्हाव्यात हा हेतू. पण आपल्या चौकटीच्या दृष्टीने बघा. बाविसाव्या वर्षी पहिली बाइक घेणारा मुलगा शोरूममध्ये आईचं किंवा वडिलांचं नाव सांगतो. पुढच्या पाच वर्षांत नोकरी, लग्न, कदाचित मूल. माणसाचं आयुष्य सगळ्यात जास्त बदलतं त्याच काळात कागदाकडे बघण्याचे प्रसंग कमी होतात. पूर्वी दर वर्षी निदान एकदा एजंट विचारायचा तरी.

रक्कम एक लाखाची पंधरा लाख झाली आणि 'कुणाला?' हा प्रश्नही पंधरा पट मोठा झाला. एक लाखासाठी भावकी कोर्टात जायची नाही. पंधरा लाखांसाठी जाते.

नॉमिनी हा शब्द कुठून आला?

आता दुसरा धागा. माणूस गेल्यावर त्याचे पैसे कुणाला द्यायचे हे ठरवायची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे कोर्टाचा दाखला. मुंबई इलाख्यात वारस दाखल्यासाठी १८२७ चं रेग्युलेशन ८ आहे, एल्फिन्स्टनच्या काळातलं. आजही महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत वारस दाखल्याचे अर्ज त्याच्या आधारे होतात, म्हणजे दोनशे वर्षं होत आली. येणी आणि रोखे वसूल करण्यासाठीचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मात्र भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली मिळतं. दोन्हींत अर्ज, जाहीर नोटीस, हरकतींची वाट आणि तारखा आल्याच.

छोट्या रकमांसाठी हा खटाटोप परवडणारा नव्हता. म्हणून जिथे पुष्कळ लोकांचे थोडे थोडे पैसे जमतात तिथे 'आधीच एक नाव लिहून ठेवा' ही युक्ती आली. १९१२ च्या सहकारी संस्था कायद्यात सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा नामनिर्देशित व्यक्तीकडे देण्याची तरतूद आहे. १९२५ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात नॉमिनी आहे. आणि विमा कायदा, १९३८ च्या कलम ३९ ने त्याला आयुर्विम्यात आणलं.

कलम ३९ वाचताना एक प्रश्न मनात ठेवा : यात सोय कुणाची होते? पॉलिसीधारकाने नाव पॉलिसीवर नोंदवायचं, कंपनीला कळवायचं, कंपनीने ते रजिस्टरला घ्यायचं. नाव कधीही बदलता येतं, मृत्युपत्रानेसुद्धा. पण कंपनीला बदल लेखी कळवला नसेल आणि तिने जुन्या नॉमिनीला चांगल्या हेतूने पैसे दिले, तर तिची जबाबदारी संपली. थोडक्यात, कंपनीला एक सही हवी आहे, जी घेतली की फाइल बंद. इतिहासकाराने कागदाला पहिला प्रश्न हाच विचारायचा. कोण भरतो हे नंतर, आधी छापला कुणी आणि कुणाच्या सोयीसाठी?

हात की हक्क?

घराघरांत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा झाला. आपण सर्रास म्हणतो, 'वारस म्हणून कुणाचं नाव टाकू?' आपल्या बोलीत नॉमिनी म्हणजे वारस. कायद्याच्या भाषेत तसं नाही, आणि या दोन अर्थांमधल्या फटीत अनेक कुटुंबं पडली आहेत.

सगळ्यात प्रसिद्ध निकाल 'सरबती देवी विरुद्ध उषा देवी'. एकीकडे मृताची आई आणि मुलगा, दुसरीकडे पत्नी. पत्नी आयुर्विम्याच्या पॉलिसींवर नॉमिनी होती आणि सगळी रक्कम आपलीच असं तिचं म्हणणं होतं. खालच्या न्यायालयांनी तिच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये तो फिरवला. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारायला नेमलेला हात. पैसे कुणाचे हे वारसा कायदा ठरवेल.

आता हे आपल्या बाइकवाल्या मुलाला लावा. त्याने नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव दिलं. आपल्याकडे तर ही रीतच. पण हिंदू वारसा कायदा, १९५६ मध्ये पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत आई, पत्नी, मुलगा, मुलगी येतात. वडील दुसऱ्या वर्गात आहेत. म्हणजे पहिल्या वर्गातलं कुणीही हयात असताना, नॉमिनी वडिलांच्या हाती आलेल्या रकमेत त्यांचा स्वतःचा वाटा शून्य असू शकतो. ते विश्वस्त. बहुतेक वडिलांना हे माहीत नसतं. सुनेला तर नसतंच.

मग ज्याला खरोखर एखाद्यालाच पैसे द्यायचे आहेत त्याने काय करायचं? आयुर्विम्यात याला जुनी वाट आहे, १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचं कलम ६. पत्नी आणि मुलांच्या हितासाठी घेतलेली पॉलिसी हा ट्रस्ट मानला जातो आणि धनकोही त्याला हात लावू शकत नाहीत. मूळ कायद्याने हिंदू, मुस्लिम, शीख, जैन यांना बाहेर ठेवलं होतं. कलम ६ त्यांना लागू होतं हे मद्रासमध्ये १९१३ अखेरपासून आणि उर्वरित भारतात १ एप्रिल १९२३ पासून मान्य झालं. ट्रस्ट म्हणजे हक्क आणि नॉमिनेशन म्हणजे हात. दोन्ही संकल्पना एकाच काळात शेजारी शेजारी वाढल्या आणि लोकांच्या डोक्यात एक झाल्या.

२०१५ नंतर

विमा कायद्यात २०१५ ची दुरुस्ती आली (अंमल मात्र २६ डिसेंबर २०१४ पासून, कारण आधी अध्यादेश होता. पुन्हा तोच तारखांचा धडा). तिने आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना 'लाभार्थी' ठरवलं. वाटलं, प्रश्न मिटला. पण २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठासमोर आलेलं प्रकरण बघा. तरुणाने लग्नाआधी पॉलिसी काढल्या आणि आईला नॉमिनी केलं. नंतर लग्न झालं, मुलगा झाला. नाव बदललं नाही. तो गेला आणि सासू एका बाजूला, सून व नातू दुसऱ्या बाजूला. न्यायालयाने ठरवलं की वारसांनी दावा केला तर दुरुस्तीनंतरही नॉमिनीचा हक्क वारसा कायद्यावर मात करत नाही. तिघांना एकेक तृतीयांश.

शेअर्सच्या बाबतीत महाराष्ट्रातला वाद तुम्ही वाचला असेल. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या निधनानंतरचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथेही निष्कर्ष तोच आला : नॉमिनेशन म्हणजे वारसाहक्काचा तिसरा मार्ग नव्हे.

आणि मोटारसायकलचं काय? इथे बारकाईने वाचा. कलम ३९ आणि त्याची दुरुस्ती आयुर्विम्यासाठी आहेत. मोटार पॉलिसीतला अपघात विमा हा सर्वसाधारण विमा. तिथल्या नॉमिनीला 'लाभार्थी' हा दर्जा आपोआप मिळतो असं धरून चालू नका. उलट, टॅरिफच्या साच्यातल्या पॉलिसीचा मजकूर वाचलात तर भरपाई विमाधारकाला किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींना द्यायची असं लिहिलेलं दिसतं. मजकूर कायदेशीर प्रतिनिधी म्हणतो आणि त्याच पॉलिसीच्या पहिल्या पानावरची चौकट नॉमिनी मागते. एकाच कागदावर दोन काळांचे दोन आवाज! संशोधनात असं काही सापडलं की ते गुळगुळीत करायच्या मागे लागू नका. प्रबंध तिथूनच सुरू होतो.

मग नाव बदलून उपयोग काय?

हा प्रश्न मला एका मित्राने विचारला. 'शेवटी वारसा कायदाच ठरवणार तर चौकटीत आजोबांचं नाव असलं काय नि नसलं काय?'

फरक आहे, आणि तो वेळेचा आहे. कंपनी दार उघडते ते त्या नावाला. नॉमिनी हयात असेल आणि योग्य माणूस असेल तर दाव्याची कागदपत्रं त्याच्या सहीने पुढे सरकतात. नॉमिनी आधीच गेलेला असेल तर कंपनी वारसांचा पुरावा मागते, आणि तिथून पुढे कुटुंब पुन्हा कोर्टाच्या दारात उभं राहतं. ज्या घरातला कमावता माणूस गेलाय त्या घरासाठी ते महिने फार लांब असतात. नाव चुकीच्या माणसाचं असेल तर पैसे त्याच्या हातात जातात आणि बाकीच्यांना आपला वाटा त्याच्याकडून भांडून काढावा लागतो. हक्क असला तरी तो हातात पडायला वर्षं जातात.

म्हणून काम सांगतो. पॉलिसी नंबर, नव्या नॉमिनीचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि नातं लिहून कंपनीला ईमेल करा, अ‍ॅपवरून विनंती टाका, नाहीतर एजंटला सांगा. नॉमिनी अठराखालचा असेल तर अपॉइंटीही द्या. कंपनी त्याची नोंद करून एन्डॉर्समेंट देते. ते हातात येईपर्यंत बदल झाला असं समजू नका. सांगणं आणि नोंद होणं यांतला फरक वर कलम ३९ मध्ये पाहिलाच. रिन्यूअलच्या वेळी नवं नाव आलंय ना ते पुन्हा बघा. आणि ज्याचं नाव टाकलं त्याला सांगा.

आणखी तीन गोष्टी तपासा. एक, हे कवच आरसीवरच्या मालकाला आहे आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असावं लागतं. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असं असेल तर नॉमिनी बदलण्याआधी हा मुद्दा सोडवा. दोन, जुनी गाडी विकत घेतली असेल तर १९८८ च्या कायद्याच्या कलम १५७ ने थर्ड पार्टी विमा तुमच्याकडे येतो, पण चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं असतं आणि आधीच्या मालकाचं वैयक्तिक कवच तुमचं होत नाही. तीन, २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर आरसीवरही नॉमिनी नोंदवता येतो. तो गाडीसाठी, पॉलिसीतला पैशांसाठी. एका ठिकाणी बदललं म्हणून दुसऱ्या ठिकाणी बदलत नाही.

संशोधनासाठी काय घ्याल?

'नॉमिनी' या एका शब्दामागे गेलो तर सहकारी संस्था, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, शेअर्स आणि शेवटी मोटारसायकल असा प्रवास दिसला. प्रत्येक मुक्कामी अर्थ थोडा सरकला. संकल्पनेचा इतिहास लिहिण्याची ही एक साधी पद्धत आहे : शब्द धरा, तो कुठल्या कागदावर कधी येतो ते बघा आणि त्याच्याभोवतीची क्रियापदं तपासा. 'स्वीकारणे' आणि 'मालक होणे' या दोन क्रियापदांत सरबती देवींचा अख्खा खटला आहे.

दुसरं, कायदा, निकाल आणि छापील अर्ज हे तीन वेगळे स्रोत आहेत. एकाने दुसऱ्याची जागा भरू नका. कायद्यात नॉमिनी हात आहे, बोलीत तो वारस आहे आणि अर्जात ती नुसती रिकामी जागा आहे.

आणि तिसरं. आपण जुन्या दप्तरांत मेलेल्या माणसांची नावं शोधतो. त्या नोंदी अपुऱ्या निघाल्या की चिडतो, 'लिहून ठेवायला काय झालं होतं?' असं पुटपुटतो. आज आपल्या हातातली नोंद अपुरी आहे आणि ती पुरी करायला पाच मिनिटं लागतात.

मी बाबांच्या जागी आईचं नाव घातलं. ईमेल लिहिताना 'कारण' या रकान्याशी थोडा वेळ थांबलो होतो, ते कबूल करतो. चार दिवसांनी एन्डॉर्समेंट आलं. त्याचा प्रिंट आईच्या कपाटात ठेवलाय, तिला दाखवून. तुम्हीही आज आधी ती चौकट बघा, मग अभ्यासाला बसा.